जे वाक्य वकिलांनी खोडायला लावलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्यांवर लेख आला होता तो मी दोनदा वाचला आणि त्यावर पुढच्या आठवड्यात एका वाचकांचं पत्र आलं ते चार वेळा वाचलं, कारण ते माझ्याबद्दल होतं. म्हणजे ते गृहस्थ मला ओळखत नाहीत, पण होतं माझ्याबद्दलच. त्यांचं म्हणणं असं की हल्ली पुरुषही रोमान्स लिहायला लागलेत, हा नवीनच ट्रेंड आलाय, आणि ज्यांना खरं साहित्य जमत नाही ते बायकांची नावं घेऊन हा उद्योग करतात. आता मी पुरुष आहे, रोमान्स लिहितो, बाईच्या नावाने लिहितो आणि खरं साहित्य मला जमत नाही हेही कबूल. चारपैकी चार मुद्दे लागू पडले म्हटल्यावर गप्प कसं बसणार? पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. टायपिंगचा स्पीड चांगला असल्याचा हा तोटा.

बावीस वर्षं मी एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिस्ट होतो. साहेबांकडे बाकीचं काम थोडंफार यायचं पण मुख्य काम घटस्फोटाचं. पक्षकार समोर येऊन बसायचे, साहेब प्रश्न विचारायचे, उत्तर ऐकायचे, त्याची कोर्टाच्या भाषेत घडी घालून मला डिक्टेशन द्यायचे आणि मी टाइप करायचो. फॉरमॅट पाठ झालेला. अर्जदार व सामनेवाले यांचा विवाह अमुक तारखेस झाला, मग "विवाहानंतर सुरुवातीचे काही दिवस सामनेवाल्याने अर्जदारास चांगले वागविले", हे वाक्य तर मी इतक्या वेळा टाइप केलंय की झोपेतही बोटं हलत असतील. हे वाक्य आलं की समजायचं, आता गाडी घसरणार. सुरुवातीचे काही दिवस. अर्जात त्या दिवसांना एक ओळ आणि पुढच्या भांडणांना अकरा पानं. मी आता उलटं करतो, त्या एका ओळीची दोनशे पानं करतो, एवढाच काय तो धंदाबदल.

तर एकदा एक बाई आल्या होत्या, पस्तिशीच्या असतील. कोण, कुठल्या, केव्हा ते सांगणार नाही, जे सांगतोय त्यातलंही थोडं बदललंय, कारण टायपिस्टने ऐकलेलं टायपिस्टच्या पोटात राहिलं पाहिजे हे साहेबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाई सगळं सांगत होत्या, नवरा बोलत नाही, पैशांचा हिशोब देत नाही, चारचौघांत अपमान करतो. एका सुरात सांगत होत्या, जसं आधी आईला, बहिणीला, मैत्रिणीला सांगून सांगून गुळगुळीत झालेलं असतं ना तसं, रडणं वगैरे काही नाही. आणि मध्येच म्हणाल्या, "पण रात्री माझ्या उशाशी पाण्याचा ग्लास भरून ठेवतो. अजूनही. भांडण झालं तरी ठेवतो, वर झाकण ठेवतो." माझा हात चालूच होता, मी टाइप करून टाकलं. साहेब चष्म्यावरून बघून म्हणाले, "ते कामाचं नाही, खोडा." बरोबरच होतं त्यांचं, ते वाक्य अर्जात राहिलं असतं तर समोरच्या वकिलाने त्याच्यावरच अख्खी केस उभी केली असती. मी बॅकस्पेस दाबून धरला. उलट्या बाजूने एकेक अक्षर गेलं, आधी झाकण गेलं मग ग्लास. बाई स्क्रीनकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, हां, पुढचं सांगते.

मी त्या रात्री घरी जाऊन कादंबरी लिहायला घेतली असं काही झालं नाही हां, तसं सिनेमात होतं. मी घरी गेलो, जेवलो, झोपलो. पण तेव्हापासून मला सवय लागली ती अशी की साहेब "खोडा" म्हणाले की ते वाक्य खोडायचं आणि डोक्यात ठेवायचं. कागदावर कधीच नाही, ते बेइमानीचं झालं असतं. आणि काय काय खोडलं जायचं! तो माझा फोन नंबर अजून जुन्याच नावाने सेव्ह करून आहे. ती माझ्या शर्टाची बटणं लावताना दोऱ्याचं टोक दाताने तोडते. आम्ही तारखेला येतो तेव्हा एकाच बसने येतो कारण दुसरी बस नाही, मग बोलतो पण थोडं. कोर्टाला यातलं काहीही लागत नाही. कोर्टाला छळ लागतो, तारीख लागते, साक्षीदार लागतो. लोकं मात्र हेच सांगायला येतात असं मला वाटायचं, छळ वगैरे ते वाटेत सांगतात.

आता दुसरा प्रसंग. एक माणूस आला, त्याला बायकोने पाठवलेल्या नोटिशीला उत्तर द्यायचं होतं. साहेब कोर्टात होते, त्यांना यायला दोन तास. हा बसून राहिला, मग म्हणाला, तुम्ही टाइप करता ना, मग उत्तर नको, एक पत्र लिहून द्या तिला, मला सुचत नाही. मी म्हटलं, अहो मी टायपिस्ट आहे, मजकूर वकील सांगतात. तो म्हणाला, मी सांगतो ना काय झालं ते, तुम्ही फक्त नीट लावा. मी नीट लावलं. पाऊण पान झालं. "कळविण्यात येते की" असं दोनदा बोटातून आलं, दोनदा काढलं. त्याने वाचलं, घडी घातली, खिशात टाकलं, पैसे विचारले, मी नको म्हटलं. पुढच्या तारखेला दोघंही आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. पत्राने झालं की आणखी कशाने मला माहीत नाही. साहेब मात्र चिडले होते, पक्षकार गेला कुठे म्हणून, आणि मी मान खाली घालून टाइप करत बसलो.

हे सांगण्याचं कारण असं की खूप नंतर मला सॅम्युएल रिचर्डसनबद्दल वाचायला मिळालं आणि मी खुर्चीतून उठून बसलो. हा माणूस इंग्लंडमधला, जन्म 1689 चा, धंद्याने छापखानेवाला. तेरा वर्षांचा असताना त्याच्याकडे तीन मुली यायच्या, एकीचं दुसरीला माहीत नाही, आणि आपापल्या प्रियकरांना उत्तरं त्याच्याकडून लिहून घ्यायच्या किंवा दुरुस्त करून घ्यायच्या. तेरा वर्षांचं पोर! मग आयुष्यभर त्याने लोकांचा मजकूर छापला. पन्नाशी आली तेव्हा दोन पुस्तकविक्रेत्यांनी त्याला सांगितलं की साध्या लोकांना पत्रं कशी लिहावीत याचे नमुने असलेलं पुस्तक करून दे. म्हणजे फॉरमॅटचं पुस्तक, संपादक महोदय! माझ्या कपाटात होती तशी फाइल! ते नमुने लिहिता लिहिता त्याला एका मोलकरणीची गोष्ट सुचली, मालक मागे लागलेला, तिने घरी लिहिलेली पत्रं, आणि साधारण दोन महिन्यांत त्याने अख्खी कादंबरी लिहून काढली. 1740 साली ती आली, 'पामेला' नाव, युरोपभर गाजली, आणि इंग्रजी कादंबरीचा इतिहास लिहिणारे तिला अगदी पहिल्या पानांवर जागा देतात. शेवटी लग्न होतं. तेव्हा त्या पत्रलेखक गृहस्थांना माझी पहिली नम्र सूचना, की पुरुषाने प्रेमकादंबरी लिहायचा ट्रेंड नवीन असला तर तो 1740 इतकाच नवीन आहे.

मी लिहायला लागलो ते रिकाम्या दुपारींमुळे. साहेब कोर्टात, ऑफिसात मी आणि पंखा. ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर एक फाइल केली आणि तिला नाव दिलं 'जुने फॉरमॅट', कारण त्या नावाची फाइल कोणी उघडत नाही. पहिला चॅप्टर लिहून बायकोला वाचायला दिला. तिने पहिली ओळ मोठ्याने वाचली, "नायक व नायिका यांची ओळख सन अमुकच्या जून महिन्यात एका समान परिचिताद्वारे झाली", आणि हसायलाच लागली, हसता हसता डोळ्यांतून पाणी. म्हणाली, पुढे काय, सदर नायिकेने सदर नायकाकडे पाहिले? खरंच होतं की हो पुढे तसं. बावीस वर्षांचा हात तो. सदर, उपरोक्त, तद्नंतर हे शब्द काढून टाकायला मला वर्ष लागलं, आणि ते वर्ष म्हणजेच माझी काय ती ट्रेनिंग. कुठली कार्यशाळा नाही, कविता मी कधी केली नाही, साहित्य घेऊन शिकलो नाही, कॉमर्सला नापास झालो म्हणून टायपिंगच्या क्लासला गेलो होतो.

बायको मात्र सक्त वाचक निघाली. चिडलेली बाई अशी खिडकीबाहेर बघत उभी राहत नाही, ती काहीतरी आवरत बसते, असं म्हणायची, आणि मला कागद परत. एकदा हिरोने हिरॉईनच्या डोळ्यांचं दीड पान वर्णन केलं होतं तर तिने समासात लिहिलं, याचा चष्मा कुठे गेला? कारण चौथ्या पानावर मी त्याला चष्मा दिला होता आणि विसरलो होतो.

मग मोबाइलवर भाग टाकायचं ते एक अ‍ॅप होतं, त्यावर टाकायला सुरुवात केली. स्वतःच्या नावाने तीन भाग टाकले, वाचक अकरा, त्यात मी आणि बायको धरून. मग बाईचं नाव घेतलं. काही धोरण वगैरे नव्हतं, तिथे वर असलेल्या सगळ्या गोष्टी बायकांच्या नावाने होत्या म्हणून. तेच तीन भाग, शब्द न शब्द तेच, आणि वाचक यायला लागले. कॉमेंटमध्ये "ताई, बाईचं मन बाईलाच कळतं". मी आणि बायको ते वाचून एकमेकांकडे बघायचो. ब्राँटी या इंग्लिश लेखिका बहिणींनी 1840 च्या दशकात पुरुषी वाटतील अशी नावं घेऊन पुस्तकं छापली कारण बाईचं लिखाण लोक गंभीरपणे घेत नव्हते, आणि इकडे मी एवढा थोराड माणूस ताई होऊन बसलो, काळाची गंमत म्हणायची.

पण गंमत एका ठिकाणी थांबली तेही सांगायला पाहिजे. एका वाचक बाईंनी मला मेसेज केला, छोटा नाही, चांगला लांब, घरातलं सगळं, जे त्या कुणालाच बोलल्या नव्हत्या. "तुम्ही बाई आहात म्हणून सांगते" असं त्यात होतं. ऑफिसात ऐकायचो तेव्हा समोरच्याला माहीत असायचं की कोपऱ्यात एक पुरुष बसून टाइप करतोय. इथे नव्हतं माहीत. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. नाटक चालू ठेवावं तर ते खोटं, आणि गप्प राहावं तर त्यांना वाटणार की आपण उगाच बोललो. तिसऱ्या दिवशी लिहिलं, मी पुरुष आहे, तुम्ही लिहिलेलं मी पुन्हा वाचणार नाही आणि कुणाला दाखवणार नाही, माफ करा. संध्याकाळी उत्तर आलं, "बरं. मग आता पुरुष म्हणून सांगा, तो असं का वागत असेल?" मला काही सांगता आलं नाही. मी लिहिलं की मलाही माहीत नाही पण विचार करतो. अजून करतोय, माझ्या तिसऱ्या कादंबरीतला हिरो त्या प्रश्नाचंच उत्तर शोधतोय, आणि तो त्यांच्या नवऱ्यासारखा अजिबात नाही, याची मी काळजी घेतलीये.

आता बाईच्या नावाने पुरुष हा विषय निघालाच आहे तर गृहस्थांसाठी थोडी माहिती. पीटर ओडोनेल म्हणून एक ब्रिटिश लेखक, वर्तमानपत्रात मॉडेस्टी ब्लेझची चित्रमालिका लिहायचा, पिस्तुलं, मारामाऱ्या, हेरगिरी. तोच माणूस मॅडेलिन ब्रेंट नावाने प्रेमकादंबऱ्या लिहीत होता आणि त्याला त्या नावाने 1978 साली तिकडच्या रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशनचं वर्षातल्या सर्वोत्तम कादंबरीचं बक्षीस मिळालं. दिवसा मारामारी रात्री प्रेम, असं म्हणा. इयन ब्लेअर हा स्कॉटिश नट, धिप्पाड, सहा फुटांच्या वर, एमा ब्लेअर नावाने लिहायचा, लायब्ररीतून त्याची पुस्तकं लोक धडाधड न्यायचे, आणि 1998 मध्ये त्याच बक्षिसासाठी नाव आलं तेव्हा लोकांना कळलं की एमाबाईंना बाई म्हणता येणार नाही. टॉम हफ हा अमेरिकेतला शाळामास्तर, इंग्रजी शिकवायचा, जेनिफर वाइल्ड या नावाने त्याने 1970 च्या दशकात ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या लिहिल्या आणि खपवल्या. आणि हॅरल्ड लाउरी हा संगीताचा शिक्षक ली ग्रीनवुड नावाने लिहायला लागला, तो तर अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेचा अध्यक्षही झाला. छापखानेवाला, नट, मास्तर, गाणं शिकवणारा. यातला एकही सरळ रस्त्याने आलेला नाही बघा. सरळ रस्ता मुळात आहे का या गावाला हाच प्रश्न आहे, कवी व्हायचं तर निदान कविसंमेलनं तरी असतात.

आणि आपल्याकडे? ना. सी. फडके तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. दिवसा तर्कशास्त्र शिकवणारा माणूस प्रेमकादंबऱ्यांचा बादशहा झाला, आणि कादंबरीचं तंत्र शिकता येतं असं छातीठोकपणे सांगायचा, ज्याबद्दल लोकांनी त्यांना बरंच ऐकवलं. मला विचाराल तर त्या एका मुद्द्यात फडके बरोबर होते. चंद्रकांत काकोडकरांचं तर माझ्या लाइनीतलं, कोर्टातलं. 1962 साली एका मासिकात त्यांची 'श्यामा' ही गोष्ट आली, अश्लील म्हणून खटला झाला, हायकोर्टाने दोषी धरलं, मग सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1969 साली ते निर्दोष सुटले. देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टात न्यायमूर्ती बसून मराठी गोष्ट काळजीपूर्वक तपासतायत, सगळी मिळून वाचली तर ती अश्लील ठरत नाही असं म्हणतायत, हे चित्र मला फार आवडतं. ती कागदपत्रं टाइप करणाऱ्या माझ्यासारख्या कुणीतरी तेव्हा ती गोष्ट चोरून वाचली असणार, पैज लावतो. आणि त्याच 1969 मध्ये काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' हा हिंदी सिनेमा आला आणि तुफान चालला. हे दोघेही स्वतःच्या नावाने लिहायचे, ताई वगैरे काही नाही, त्या बाबतीत मी त्यांच्यापेक्षा भित्रा.

शेवटाचं भांडण राहिलं. माझी पहिली कादंबरी पुस्तकरूपात काढायला एक प्रकाशक तयार झाले तेव्हा मी शेवटी हिरॉईनला मारलं होतं. का मारलं? कारण मला वाटलं तसं केलं की साहित्य होतं. प्रकाशकांकडे एक संपादक बाई होत्या, त्यांनी मला फोनवर सरळ विचारलं, "हिला काय आजार होता?" मी म्हटलं, अचानक. त्या म्हणाल्या, "दोनशे तीस पानं ठणठणीत आहे आणि एका पानात जाते, वाचणारी पुस्तक फेकून मारेल, आणि तिचं बरोबर असेल." मग त्यांनी मला सांगितलं की रोमान्समध्ये दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे प्रेमकथा मध्यभागी पाहिजे, बाकी खून, वारसा, धंदा काय असेल ते बाजूला, आणि दुसरं म्हणजे शेवट मनाला समाधान देणारा, आशा वाटेल असा पाहिजे. अमेरिकेतल्या त्या संघटनेची व्याख्याही हीच आहे. मी म्हटलं, अहो मग शेवट सगळ्यांना आधीच माहीत असतो. त्या म्हणाल्या, मग?

त्या "मग"वर मी आठवडाभर अडकलो. मग लक्षात आलं, अर्जाचाही शेवट सगळ्यांना माहीत असतो! पहिल्या पानावरच लिहिलेलं असतं की हा विवाह संपुष्टात आणावा. तरी न्यायाधीश अकरा पानं वाचतात, कारण प्रश्न काय झालं हा नसतो, कसं झालं हा असतो. हिरॉईनला जिवंत केलं. आता गृहस्थ म्हणतील गोड शेवट म्हणजे सोपं काम, तर त्यांनी एकदा करून बघावं, दोन माणसांना दोनशे पानं भांडवून, गोष्ट पंचाहत्तर टक्के झाली की एकदम तोडून, आणि मग असं जोडून दाखवायचं की वाचणाऱ्याला ते ढकलून जोडलेलं वाटता कामा नये. मारणं सोपं हो. मी केलंय ना, एका पानात झालं होतं.

आणि ते तोडायचं कसं, हे मी ऑफिसात शिकलो. नवीन लिहिणारे काय करतात, गैरसमज घालतात, त्याने तिला कुणाबरोबर तरी पाहिलं आणि निघून गेला. एक फोन केला की मिटेल असलं भांडण. बावीस वर्षांत गैरसमजामुळे आलेला अर्ज मी एकही टाइप केला नाही. उलट समज अगदी पक्की असते, दोघांची, आणि वेगवेगळी असते. अर्जात ती लिहायची, अमुक दिवशी संध्याकाळी सामनेवाला माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. मग महिन्याभराने त्याचं लेखी म्हणणं यायचं, त्यात तीच संध्याकाळ, की अर्जदार खूप दमलेली दिसत होती म्हणून मी तिला त्रास दिला नाही. तीच तारीख, तीच खोली, दोघंही खरं सांगतायत. पहिल्यांदा असं जोडीने वाचलं तेव्हा मी सहीसाठी कागद लावत होतो, ते तसेच हातात राहिले. आज रोमान्समध्ये एक चॅप्टर तिच्या बाजूने आणि एक त्याच्या बाजूने असं लिहायची पद्धत सगळीकडे आहे, वाचकांना ती फार आवडते, आणि मला ती कुणी शिकवावी लागली नाही. अर्ज आणि लेखी म्हणणं, बाकी काय.

आता पाच पुस्तकं झाली. साहेबांना सांगितलंय, त्यांनी एक वाचलं, म्हणाले, पुराव्याला कच्चं आहे पण मांडणी बरी आहे. ऑफिस सोडून तीन वर्षं झाली. पुस्तकांवर घर चालतं असं म्हणणार नाही, बायकोचा पगार आणि माझं किरकोळ टायपिंग मिळून चालतं. नातेवाईक विचारतात की खरं काही कधी लिहिणार, म्हणजे ज्यात कुणी गरीब असेल आणि शेवटी मरेल. मी लिहितो म्हणतो.

एकच विनंती आहे. पुरवणीतल्या लेखात जिथे "पुरुषांनी आता या क्षेत्रात पाऊल ठेवले आहे" असं छापलंय तिथे दुरुस्ती छापावी, निदान रिचर्डसनपुरती. माझं नाव छापू नये, पुस्तकांवरचंही नको आणि खरंही नको. पत्र मोठं झालंय, जागा कमी पडणार, कापायला लागेल हे मला कळतं, आयुष्यभर दुसऱ्याने कापलेलंच टाइप केलंय. तर ब्राँटी बहिणी काढा, नातेवाईक काढा, हवं तर फडकेही काढा. फक्त तो पाण्याचा ग्लास ठेवा, झाकणासकट.

आपला,
एक टायपिस्ट